धक्का न लागता

लग्नाच्या रात्री, रमचे दोन ग्लास पोटात असताना
मी वेल्डाला म्हणालो होतो,
तुझ्या केसालाही धक्का लागू देणार नाही.
तिच्या चारही भावांसमोर. ते हसले.
उडत्या माशांमागे तीन-तीन दिवस समुद्रात राहणारा मी,
माझा शब्द म्हणजे नांगर, असं तेव्हा वाटायचं.

धक्का लागलाच नाही.
न्हाणीच्या जाळीवर ते आपोआप साठत गेले,
काळे, आखूड, वळ्यावळ्यांचे.
पाणी घोट्याला लागलं तेव्हा
मी तारेचा आकडा करून ते उपसले
आणि आमिषाचा करतो तसा तळहातावर अंदाज घेतला.
खोटं नाही सांगत,
वजन काहीच नव्हतं.

ग्रीनिज डॉक्टरीणबाई तिच्या डोक्यावर बोट फिरवत म्हणाल्या,
कपाळाशी तुटके, विस्कटलेले आहेत ना,
ते आजार निवला की येतील. घाई करू नका.
कानामागे मात्र तीन चट्टे,
मध्ये फिकट, कडेला गडद.
तिथली मुळंच बुजली आहेत.
येतील आणि येणार नाहीत
यांच्यामध्ये चार बोटांचं अंतर.
मी मोजलं.

ल्युपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा, म्हणे.
आमच्या बेटावर लांडगा नाही.
हिरवी माकडं आहेत, मुंगसं आहेत,
शेजारच्या ओबेडचा चावरा बोकड आहे.
मी म्हणालो, मग हा पोहत आला असणार.
ती हसली नाही.

आणि म्हणे उन्हापासून जपा.
बार्बेडोसमध्ये!
उन्हाशिवाय आमच्याकडे आहे काय?
आता ती मासळीबाजारात छत्री उघडून जाते,
लांब बाह्या, गळ्यापर्यंत बटणं.
लोक ओरडतात, वेल्डा, पाऊस कुठाय?
चर्चमधल्या बायकांनी एरंडेल दिलं,
कोरफड दिली, कांद्याचा रस, एक उपवास.
कोरफडीला मुंग्या लागल्या.
उपवास मी केला, तिला गोळ्या असतात म्हणून.

विग ब्रिजटाउनहून आला.
ठेवायला काही नव्हतं,
म्हणून मी जाळ्याचा एक नारिंगी बोया दिला.
केरिशाने त्याचं नाव ठेवलं मिसेस पिगट.
रात्री पाणी प्यायला उठावं
तर मिसेस पिगट खिडकीत पाठमोरी बसलेली.
दोनदा दचकलो.
एकदा चक्क सॉरी म्हणालो.

रविवारी संध्याकाळी केरिशाच्या वेण्या घालायच्या होत्या.
अर्ध्या गल्लीच्या पोरींची डोकी
वेल्डाच्या हातांखालून गेलेली,
पण आता तिची बोटं सकाळी मिटत नाहीत
आणि संध्याकाळी उघडत नाहीत.
ती मला म्हणाली, बस इथे.
जाळी विणतोस ना? मग.

मी कंगव्याच्या शेपटीने भांग पाडला. वाकडा.
तीन पेड घेतले, ओढले,
पोरगी किंचाळली.
आवळू नकोस, वेल्डा म्हणाली, हे जाळं नाही.
गाठ मारतात ती सुटू नये म्हणून.
वेणी घालतात
ती पुढच्या रविवारी सोडायची असते.
तीस वर्षं दोऱ्यात घालवली,
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

साडेनऊपर्यंत अकरा वेण्या झाल्या.
एक कानावर लोंबकळत होती. पोर झोपली.
मग वेल्डाने डोक्याचा रुमाल सोडला,
माझ्याकडे न बघता,
आणि त्याच जागी, माझ्या गुडघ्यांमध्ये, येऊन बसली.
कंगवा हातात होता, तो मी खाली ठेवला.
फक्त तेल लाव, म्हणाली. चट्ट्यांवर नको.

मी लावलं.
कपाळाशी बोटाला काहीतरी टोचलं, केसभर.
केस असेल,
किंवा माझ्याच बोटाची भेग,
मीठ लागून फाटलेली.
विचारलं नाही.
मिसेस पिगट खिडकीबाहेर बघत होती.